तिथी पाठ आहे, वय विचारा

पितृपक्षात अष्टमीला आमच्याकडे आजोबांचं पान असतं. गुरुजी तीन पिढ्यांची नावं विचारतात आणि ती घरात सगळ्यांना पाठ आहेत. तिथीही पाठ आहे, आश्विन वद्य अष्टमी. पण आजोबा गेले तेव्हा त्यांचं वय काय होतं हे मला साठीला टेकेपर्यंत माहीत नव्हतं. भिंतीवरच्या फोटोत काळी टोपी, बंद गळ्याचा कोट आणि आत गेलेले गाल. ते म्हातारपणी गेले असंच आम्ही सगळी नातवंडं धरून चाललो होतो.

मग माझ्या चुलतभावाला चव्वेचाळिसाव्या वर्षी ॲटॅक आला. स्टेंट टाकली, जीव वाचला. दाखल करताना डॉक्टरांनी विचारलं, "घरात कुणाला हार्टचा त्रास?" तो म्हणाला, "नाही." खोटं बोलला नव्हता. त्याचे वडील, म्हणजे माझे काका, तो सातवीत असताना गेले होते. पण घरात ते "गॅसने गेले" असंच सांगितलं जायचं. छातीत जळजळतंय म्हणून सोडा प्यायले, अंगणात खुर्ची टाकून बसले आणि उठलेच नाहीत.

मी वही घेऊन आत्याकडे गेलो. आत्या ब्याऐंशी वर्षांची आहे. तिला साल एकही सांगता येत नाही, पण बाकी सगळं सांगता येतं. आजोबांना ती दादा म्हणते. "दादा मानमोडीच्या साथीत जन्मले, आजी सांगायची. आणि गेले ते कोयनेचा भूकंप झाला त्याच्या पुढच्या दिवाळीआधी. माजघराच्या भिंतीला भेग गेली होती ती अजून लिंपायची होती, म्हणून आठवतंय." मानमोडीची, म्हणजे इन्फ्लुएंझाची, साथ १९१८ ची, कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा. वजाबाकी केली. फोटोतला तो म्हातारा माणूस पन्नास वर्षांचा होता. काका किल्लारीच्या भूकंपाच्या वर्षी गेले, १९९३ साली, अठ्ठेचाळिसाव्या वर्षी.

पन्नास, अठ्ठेचाळीस, चव्वेचाळीस. हे तीन आकडे एका कागदावर कधी आलेच नव्हते. पहिले दोन जरी आले असते, तर चुलतभावाची तपासणी तिशीतच झाली असती, म्हणून हा लेख लिहितो आहे.

घरात हृदयविकार आहे का, हा प्रश्न अर्धाच आहे. ऐंशीव्या वर्षी हृदय थकून कुणी गेलं असेल तर त्यावरून घराण्याबद्दल फारसं काही कळत नाही. पंचेचाळिसाव्या वर्षी गेलं असेल तर बरंच कळतं. डॉक्टर ज्याला लवकर आलेला हृदयविकार म्हणतात त्याची मर्यादा पुरुषांसाठी ५५ वर्षांच्या आत आणि स्त्रियांसाठी ६५ वर्षांच्या आत अशी धरली जाते. आई, वडील, सख्खी भावंडं यांच्यापैकी कुणी या मर्यादेच्या आत असेल तर तुमचा धोका वाढलेला आहे असं समजून चालायचं.

किती वाढलेला, याचं उत्तर एका गावाने दिलं. अमेरिकेत बोस्टनजवळ फ्रेमिंगहॅम नावाचं गाव आहे. तिथे १९४८ साली ५,२०९ स्त्री-पुरुषांची ठरावीक काळाने तपासणी सुरू झाली आणि ती माणसं हयात असेपर्यंत चालू राहिली. सिगारेट, रक्तदाब, कोलेस्टेरॉल यांचा हृदयविकाराशी संबंध आज आपण गृहीत धरतो, तो मोठ्या प्रमाणावर या गावाने शिकवला. १९७१ मध्ये त्यांच्या मुलांना अभ्यासात घेतलं, २००२ मध्ये नातवंडांना. त्यामुळे आई-वडिलांना झालेला आजार ऐकीव माहितीवरून नव्हे, तर दवाखान्याच्या नोंदींवरून पडताळता आला. २००४ साली त्याचा निष्कर्ष आला. आई किंवा वडिलांपैकी एकाला जरी लवकर हृदयविकार झालेला असला, तर मुलग्यांचा धोका साधारण दुप्पट आणि मुलींचा साधारण १.७ पट होतो. आणि हे सिगारेट, रक्तदाब, कोलेस्टेरॉल वगैरेंचा वाटा वेगळा काढल्यानंतर. पुढच्या वर्षी भावंडांचा हिशोब आला. सख्ख्या भावाला किंवा बहिणीला हृदयविकार असला तर धोका सुमारे ४५ टक्क्यांनी वाढतो. हे दुसरं आपण अगदीच विसरतो. भावाची अँजिओप्लास्टी झाली की आपण त्याला बघायला जातो, शहाळं घेऊन जातो, स्वतःचं रक्त तपासून घेत नाही.

तेव्हा पहिलं काम कागदाचं. आपल्याकडे वंशावळ लिहिण्याची परंपरा मोठी आहे. अनेक घराण्यांचे छापील कुलवृत्तांत आहेत, नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत पिढ्यान्‌पिढ्यांची नावं सापडतात. पण आपल्याला हवी ती वंशावळ यापेक्षा वेगळी आहे. कुलवृत्तांतात मुलगी लग्नानंतर पानावरून नाहीशी होते आणि सुनेचं माहेर एका ओळीत संपतं. जनुकांना आडनाव कळत नाही. तुमच्यात निम्मा वाटा आजोळचा आहे. मामा, मावशी, आईचे आई-वडील यांची माहिती वडिलांकडच्या माहितीइतकीच लागते. आत्याची मुलं वेगळ्या आडनावाची असली तरी तुमच्या आजोबांची नातवंडं आहेत, त्यांनाही कागदावर घ्या. घराण्यात कुणी दत्तक गेलं असेल तर नाव दत्तक घराचं राहू द्या, पण आजारांसाठी जन्मघर शोधा.

आडवा मोठा कागद घ्या. मध्ये तुम्ही आणि भावंडं, वर आई-वडील आणि त्यांची भावंडं, त्याच्या वर दोन्हीकडचे आजी-आजोबा, खाली मुलं. प्रत्येकाच्या नावाखाली तीन गोष्टी लिहा: आज किती वय आहे किंवा किती वयात गेले, कशाने गेले, आणि हृदयाचा त्रास, मधुमेह किंवा रक्तदाब सुरू झाला असेल तर कितव्या वर्षी. तिसरी गोष्ट लोक गाळतात. वडील अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी गेले पण बायपास एक्कावन्नाव्या वर्षी झाली होती, तर तुमच्या कामाचा आकडा एक्कावन्न आहे.

साल आठवत नसेल तर प्रसंग विचारा. पानशेतचा पूर १९६१, कोयनेचा भूकंप १९६७, मोठा दुष्काळ १९७२, आणीबाणी १९७५, किल्लारी १९९३. घरातले प्रसंगही चालतात: धाकटीचं लग्न झालं होतं का, नवी विहीर खणली होती का, अमका तेव्हा कितवीत होता. म्हातारी माणसं या वाटेने अचूक पोचतात. "किती साली?" असं विचारलं की मात्र गप्प होतात.

कारण विचारताना शब्दांकडे लक्ष द्या. "हृदयविकार होता का?" असं विचारलं तर बहुतेक घरांत उत्तर "नाही" असंच येईल. त्यापेक्षा "शेवटच्या दिवशी काय झालं, सांग" असं म्हणा आणि ऐका. "गॅस झाला होता", "पित्त खवळलं", "घाम फुटला आणि गेले", "झोपेतच गेले", "परसाकडे गेले ते तिथेच पडले", या प्रत्येक वाक्याखाली ॲटॅक असू शकतो. "दमा होता, रात्री उशा लावून बसायची, पाय सुजायचे" हे वर्णन दम्यापेक्षा हृदय कमकुवत झाल्याचं असण्याची शक्यता जास्त. बायकांच्या बाबतीत तर कारण लिहून ठेवण्याची तसदीच कमी घेतली गेली. आजी "अशक्तपणाने" गेली असं सांगितलं, तर एवढ्यावर थांबू नका. कुणाला गरोदरपणात रक्तदाब वाढला होता का, हेही विचारा. त्या बाईचा पुढच्या आयुष्यातला हृदयविकाराचा धोका वाढलेला असतो.

दोन प्रकार मात्र वेगळ्या खुणेने लिहा. एक म्हणजे झडपेचा आजार. लहानपणी घसा येऊन, सांधे सुजून पुढे हृदयाची झडप खराब झाली असेल तर तो संसर्गातून आलेला विकार आहे, या हिशोबात धरायचा नाही. दुसरा प्रकार तरुण मुलांचा. खेळताना, धावताना, पोहताना एखादा विशीतला मुलगा एकाएकी कोसळला, किंवा कुणाला श्रम करताना वारंवार घेरी येते, तर तिथे रक्तवाहिनीतल्या गाठीपेक्षा हृदयाच्या स्नायूचा किंवा ठोक्यांच्या लयीचा आनुवंशिक दोष असू शकतो. कोलेस्टेरॉल तपासून तो सापडत नाही. अशा घरातल्या सगळ्या सख्ख्या नातेवाइकांनी ईसीजी आणि इको करून हृदयरोगतज्ज्ञांना दाखवावं. हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेतल्या आणि इतर संशोधकांनी २००९ मध्ये दाखवून दिलं की हृदयाच्या स्नायूतलं एक प्रथिन बनवणाऱ्या जनुकाचा २५ अक्षरांचा तुकडा भारतीय उपखंडातल्या साधारण ४ टक्के लोकांत गळालेला आहे आणि त्याचा स्नायूच्या आजाराशी संबंध आहे. चार टक्के म्हणजे कोट्यवधी माणसं. त्यांच्यापैकी बऱ्याच जणांना आयुष्यभर काही होत नाही, म्हणून ऐकून घाबरून जाऊ नये. पण घरात तरुण मृत्यू झाला असेल तर दुर्लक्षही करू नये.

कागद तयार झाला की डॉक्टरांकडे न्या. मोबाइलवर फोटो काढून भावंडांच्या ग्रुपवर टाका. तपासणीला वेळ कमी असतो, म्हणून बोलायला सुरुवात वयाने करा: "काका अठ्ठेचाळिसाव्या वर्षी गेले, आजोबा पन्नासाव्या." एवढ्या एका वाक्याने तपासणीची दिशा बदलते.

रक्ताच्या तपासण्यांत नेहमीची लिपिड प्रोफाइल आणि साखर तर आलीच. भारतीय हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेने, कार्डिऑलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने, २०२४ मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वं दिली त्यांत पहिली लिपिड तपासणी अठराव्या वर्षीच करावी असं म्हटलं आहे, आणि घरात लवकर हृदयविकार असेल तर त्याहून आधी. त्यांनीच आणखी एक तपासणी आयुष्यात एकदा तरी करायला सांगितली आहे, लायपोप्रोटीन-ए. नॉर्वेचे कोरे बर्ग यांनी १९६३ मध्ये रक्तातला हा घटक शोधला. त्याची पातळी मुख्यतः जनुकांवरून ठरते आणि आयुष्यभर जवळजवळ तेवढीच राहते, म्हणून एकदा तपासलं की पुरतं. डेसिलिटरला ५० मिलिग्रॅमच्या वर असेल तर जास्त. आपल्याकडे चारांतल्या एकाला ती जास्त असते. नेहमीच्या लिपिड प्रोफाइलमध्ये ही तपासणी येत नाही, नाव घेऊन सांगावी लागते. पथ्याने ती खाली येत नाही हे खरं, पण ती जास्त आहे हे कळलं की बाकीच्या गोष्टींना, एलडीएल म्हणजे वाईट कोलेस्टेरॉलला, रक्तदाबाला, तंबाखूला, मोकळीक द्यायची नाही हे ठरतं.

लिपिडच्या रिपोर्टमध्ये एलडीएलचा आकडा १९० किंवा त्याहून जास्त असेल तर तिथे थांबा. हा तूप-तेलाचा दोष नसून जन्माचा असू शकतो. यकृतातल्या पेशींवर एलडीएल ओढून घेणारे ग्राहक असतात. ते जनुकदोषामुळे निम्मेच काम करत असतील तर बाळपणापासूनच रक्तात कोलेस्टेरॉल साचत राहतं. टेक्सासमधल्या डॅलसच्या मायकेल ब्राऊन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांनी हे उलगडलं आणि १९८५ चं नोबेल त्यांना मिळालं. हा दोष जगात साधारण अडीचशेत एकाला असतो, म्हणजे दुर्मीळ अजिबात नाही. उपचार न घेतलेल्या अशा पुरुषांपैकी निम्म्यांना पन्नाशीच्या आत हृदयविकार गाठतो. आणि तो सडसडीत, शाकाहारी, निर्व्यसनी माणसालाही गाठतो. "त्याला कसा झाला? तो तर साधा चहासुद्धा पीत नव्हता" असं ज्यांच्याबद्दल म्हटलं जातं त्यांच्यातले काही हे असतात.

याच्या खुणा अंगावर दिसू शकतात. टाचेच्या मागची शीर चिमटीत धरून पाहा, ती जाड आणि गाठाळ लागते का. हाताची मूठ वळून बोटांच्या सांध्यांवर पिवळट गाठी आहेत का पाहा. पंचेचाळिशीच्या आत बुबुळाच्या कडेला राखाडी कडं आलं आहे का पाहा. यातलं काहीही असेल तर त्वचेच्या मलमावर न थांबता कोलेस्टेरॉल तपासा. दोष सापडला तर तुमच्या प्रत्येक अपत्याला आणि भावंडाला तो असण्याची शक्यता निम्मी आहे, मुलगा असो वा मुलगी. म्हणून एका माणसाचं निदान झालं की सगळ्या भावंडांची आणि मुलांची तपासणी लगेच करायची, मुलं शाळकरी असली तरी.

इथे आपल्याकडच्या एका चालीबद्दल स्पष्ट बोललं पाहिजे. मामाची मुलगी करून घेण्याची रीत दक्षिण महाराष्ट्रात अनेक समाजांत आजही आहे. नवरा-बायको दोघांच्याही रक्तात हाच दोष एकाच आजोबांकडून आला असेल तर मुलाला दोन्हीकडून तो मिळण्याची शक्यता चारात एक. असं मूल पाच-सात वर्षांचं असतानाच कोपर-गुडघ्यांवर पिवळ्या गाठी दिसतात आणि उपचार नसेल तर विशीच्या आत ॲटॅक येऊ शकतो. नात्यात लग्न ठरवताना दोन्ही बाजूंचं कोलेस्टेरॉल तपासायला फार खर्च येत नाही. आणि लग्नाचं स्थळ हातचं जाईल म्हणून घरातला हृदयविकार लपवणं थांबवा. लपवल्याने आजार जात नाही, फक्त पुढच्या पिढीचा उपचार उशिरा सुरू होतो.

उशीर म्हणजे काय हे जनुकांच्या संशोधनानेच नीट दाखवलं. २००३ मध्ये फ्रान्समधल्या काही कुटुंबांच्या अभ्यासातून पीसीएसके-नाइन हे जनुक पुढे आलं. ते जास्त जोरात काम करत असेल तर एलडीएल वाढतं. मग डॅलसच्या हेलन हॉब्ज आणि जोनाथन कोहेन यांनी उलट प्रश्न विचारला: हे जनुक ज्यांच्यात जन्मतः बिघडलेलं आहे त्यांचं काय? अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांपैकी अडीच टक्क्यांच्या आसपास लोकांत तसं आढळलं. त्यांचं एलडीएल इतरांपेक्षा २८ टक्क्यांनी कमी होतं आणि हृदयविकार ८८ टक्क्यांनी कमी. २८ वरून ८८ कसे झाले? कारण ते एलडीएल जन्मापासून कमी होतं. रक्तवाहिनीच्या भिंतीत जे साचतं ते वर्षांच्या हिशोबाने साचतं. म्हणून पन्नाशीत कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी सुरू करणं आणि तिशीत सुरू करणं यांत फरक आहे. डॉक्टरांनी स्टॅटिनची गोळी दिली असेल तर रिपोर्ट चांगला आला म्हणून आपल्या मनाने बंद करू नका. रिपोर्ट गोळीमुळे चांगला आला आहे. गोळी घेणाऱ्या बाईला मूल हवं असेल, तर तिने आधी डॉक्टरांशी बोलून गोळीचं काय करायचं ते ठरवावं.

आता दुसरी बाजू. "आमच्या घराण्यातच आहे, काय करणार" असं म्हणून तंबाखूची चिमूट तोंडात टाकणारे मी पाहिले आहेत. त्यांनी इंटरहार्ट हा अभ्यास ऐकावा. ५२ देशांत, ॲटॅक आलेले आणि न आलेले मिळून सुमारे तीस हजार लोक तपासून २००४ मध्ये तो प्रसिद्ध झाला. तंबाखू, रक्तातली चरबी, रक्तदाब, मधुमेह, पोटाचा घेर, मनावरचा ताण, फळं-भाज्यांचं प्रमाण, व्यायाम, दारू या नऊ गोष्टींवरून जगभरातल्या ॲटॅकच्या धोक्याचा नव्वद टक्क्यांच्या आसपास उलगडा होतो. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातले डॉ. प्रशांत जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यातल्या भारत, पाकिस्तान, बांगलादेश, श्रीलंका आणि नेपाळ यांची माहिती वेगळी काढून २००७ मध्ये मांडली. आपल्याकडे पहिला ॲटॅक येण्याचं सरासरी वय ५३, इतर देशांत जवळजवळ ५९. पाच-सहा वर्षांचा हा फरक मुख्यतः का? तर हेच नऊ घटक आपल्याकडे तरुण वयातच जास्त आढळतात म्हणून. घराण्यातून जनुकं येतात तशी घरची तपकिरीची डबी, ताटातलं मीठ आणि संध्याकाळी टीव्हीसमोर बसण्याची जागाही येते. कागदावर तेही लिहा, कोण तंबाखू खायचं, कोण ओढायचं.

बारीक दिसणाऱ्यांनी निर्धास्त राहू नये, हे पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी फार सोप्या रीतीने दाखवलं. त्यांनी आणि लंडनच्या जॉन युडकिन यांनी शेजारी उभं राहून काढलेला फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. दोघांचा उंची-वजनाचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्यात २१.२ टक्के. तेव्हा वजनकाट्यापेक्षा टेपवर विश्वास ठेवा. कमरेचा घेर पुरुषाचा ९० सेंटिमीटर आणि बाईचा ८० सेंटिमीटर यांच्या आत हवा.

हल्ली थुंकी पाठवून "तुमच्या हृदयाची जनुकीय कुंडली" देणाऱ्या तपासण्या विकल्या जातात. घराण्यात वर सांगितलेला कोलेस्टेरॉलचा किंवा स्नायूचा दोष दिसत असेल तर जनुक तपासणीचा उपयोग आहे, पण ती तज्ज्ञांनी सांगून, आधी आजारी माणसाची करावी. हजारो बारीक फरकांची बेरीज करून टक्केवारी सांगणारे जे गुणांक आहेत, ते प्रामुख्याने युरोपीय वंशाच्या लोकांच्या माहितीवर बांधलेले आहेत आणि आपल्याला तितके नीट लागू पडत नाहीत. दहा हजार भारतीयांचे जनुकसंच वाचण्याचं जीनोम इंडियाचं काम झालं आहे, त्यातून पुढे आपले आकडे तयार होतील. तोपर्यंत मी पैसे लायपोप्रोटीन-ए च्या तपासणीवर खर्च करीन.

आणि ज्यांचा जनुकीय धोका खरोखर जास्त आहे त्यांच्यासाठी एक आकडा. २०१६ मध्ये पंचावन्न हजारांहून जास्त लोकांच्या माहितीवरून असं दिसलं की सर्वांत जास्त जनुकीय धोका असलेल्यांपैकी ज्यांनी सिगारेट टाळणं, वजन आटोक्यात ठेवणं, नियमित व्यायाम आणि नीट जेवण यांतल्या किमान तीन गोष्टी पाळल्या, त्यांचा धोका तसंच रक्त घेऊन बेफिकीर राहिलेल्यांपेक्षा ४६ टक्क्यांनी कमी होता.

माझ्या चुलतभावाच्या मुलीचं कोलेस्टेरॉल आम्ही गेल्या महिन्यात तपासलं. ती बारा वर्षांची आहे. एलडीएल २०४ निघालं, उपचार सुरू झाले. तुमच्या घरातही आत्या, मावशी, काकू, कुणीतरी असेल जिला सगळ्यांचं सगळं आठवतं. येत्या सुट्टीत वही घेऊन तिच्याजवळ बसा, आणि कोण किती वर्षांचं असताना गेलं ते विचारून घ्या.